कुपवाडात बनवून घेतलेलं ओव्हरहेड ब्लेड गार्ड: वर्षभर वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडनं लाकूड कापायचं मशीन, त्याच्या ब्लेडवर वरून लोंबणारं, वर-खाली होणारं आणि आडवं सरकणारं गार्ड, म्हणजे झाकण, सांगलीतल्या सांगलीत बनतं, चांगलं बनतं, आणि घरी दहा इंची ब्लेडचं मशीन असेल तर बनवून घ्याच. पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो धुळीच्या पाइपसाठी, आणि त्यात बनवणाऱ्याचा दोष नाही.

आता कुणी म्हणेल मशीनसोबत गार्ड येतंच की. येतं हो, माझ्याही आलं होतं. ते ब्लेडच्या मागच्या उभ्या पट्टीला बोल्टनं बसवलेलं असतं. लाकूड आरपार कापायचंय तोवर ठीक, पण ड्रॉवरच्या फळीला तळाचा प्लाय सरकवायला खाच मारायची म्हटली की ब्लेड लाकडाच्या आतच राहणार आणि ती पट्टी आडवी येणार, मग पाना शोधा, पट्टी काढा, गार्ड काढा, खाच मारा, आणि ते सगळं परत बसवायचं कुणाच्या जिवावर येत नाही सांगा. चार दिवसांत गार्ड माळ्यावर जातं आणि तिथंच राहतं. फर्निचरवाल्यांच्या शेडात डोकावून बघा, बऱ्याच ठिकाणी ब्लेड उघडंच फिरत असतं आणि मिस्त्री म्हणतो "सवय हाय ओ". सवय कसली डोंबलाची. १० इंची ब्लेड ४००० आरपीएमनं (मिनिटाला ४००० फेऱ्या) फिरतं तेव्हा दाताचं टोक सेकंदाला ५३ मीटर जातं, म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एवढ्या स्पीडनं हायवेला पेठ नाक्यावर पण कुणी गाडी मारत नाही आणि इथं त्याच्यापासून वीतभर अंतरावर आपली बोटं असतात.

त्यामुळं माझी अट एकच होती. पाना न लावता, एका हातानं बाजूला होईल आणि एका हातानं परत जागेवर येईल असं गार्ड पाहिजे. भले थोडं कमी मजबूत असलं तरी चालेल, पण काढायला-घालायला कटकट असेल तर मी ते वापरणार नाही हे मला माझ्याबद्दल चांगलं माहिती आहे.

ओव्हरहेडचा प्रकार असा की गार्ड मशीनच्या ब्लेडला किंवा मागच्या पट्टीला लागलेलंच नसतं. एक खांब, खांबावरून टेबलावर येणारा आडवा हात, आणि हाताच्या टोकाला ब्लेडवर बसणारी पारदर्शक पेटी. खांब कुठं लावायचा यावरच निम्मा वेळ गेला. वर आरसीसी स्लॅब असेल तर सरळ छतातून टांगता येतं आणि खाली सगळं मोकळं राहतं, तो सगळ्यात भारी प्रकार. पण विश्रामबागेत आमच्या घरामागं पत्र्याचं शेड आहे, त्याच्या कैच्यांना, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या सांगाड्याला, टांगलं तर वारं सुटलं की गार्ड पण हलायला लागेल. जमिनीला अँकर बोल्ट मारून खांब उभा करता येतो, पण माझं मशीन चाकांवर आहे, गाडी आत घ्यायची असली की कोपऱ्यात ढकलते, म्हणजे मशीन सरकलं आणि गार्ड तिथंच राहिलं असं व्हायचं. शेवटी खांब मशीनच्याच उजव्या टोकाला, फेन्स (लाकूड ज्याला टेकवून सरळ ढकलतात ती ब्लेडला समांतर पट्टी) जिथवर जातं त्याच्याही पलीकडं, मागच्या कोपऱ्यात बोल्टनं बसवला. रिप कट, म्हणजे फळी लांबीत चिरायचा कट, मारताना ब्लेड आणि फेन्सच्या मधला तुकडा खांबाच्या अलीकडून निघून जातो, अडत नाही. लांब फळी आडवी कापताना मात्र तिचा लांब भाग डावीकडंच ठेवावा लागतो, उजवीकडं ठेवला की खांबावर जाऊन आपटते. हे डोक्यात ठेवूनच जागा ठरवा, माझं आडवं काम कमी म्हणून मला चालतंय.

काम दिलं कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या फॅब्रिकेशनवाल्या मामांना. नाव लिहीत नाही कारण त्यांनीच सांगितलं, "मॅडम, लोकं ऱ्हायली दारात हुबी तर ट्रॉल्या कोण करणार." उसाच्या ट्रॉल्या, गेट, जिन्याचे कठडे हे त्यांचं नेहमीचं काम. कागदावरचं ड्रॉइंग दाखवलं तर चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत बसले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की ह्यो आडवा पाइप आत-बाहेर करायचा म्हणताय तर आतली शिवण काढायची का?

हा प्रश्न ऐकूनच मी काम तिथं द्यायचं ठरवलं. बाजारात जो चौकोनी एमएस (साध्या लोखंडाचा) पाइप मिळतो तो पत्रा वळवून कड जोडून केलेला असतो, आणि त्या जोडाची उंचवट्यासारखी एक रेघ पाइपच्या आतल्या बाजूला राहते. बाहेरून घासलेली असते म्हणून दिसत नाही. पाइपात पाइप घालून टेलिस्कोप करायला गेलं की आतला पाइप त्या रेघेवर अडतो, तिरका बसतो, खरखरतो. मामांनी आधी लांब कानशीनं तोंडाजवळची वीतभर शिवण उतरवली, आणि बाकीच्या ठिकाणी आतल्या पाइपला नायलॉनच्या पट्ट्या अशा लावल्या की शिवण दोन पट्ट्यांच्या मधून जाते. बाहेरचा पाइप ५० बाय ५०, २ मिमी जाडीचा, म्हणजे आत ४६ मिमी मोकळे, त्यात ४० बाय ४० चा पाइप, चारी बाजूला ३ मिमीची पट्टी. हिशोब बरोबर बसतो. कागदावर. प्रत्यक्षात पट्ट्या जरा घासून घ्याव्या लागल्या, कारण पाइप कोपऱ्यात कधीच नेमका नसतो. आतून रंग मारू दिला नाही, नुसती मेणबत्ती घासली, आजही हात एका बोटानं सरकतो.

लॉक करायला बाहेरच्या पाइपला एम १० चे (१० मिमी बोल्टचे) नट वेल्ड करून त्यात हातानं फिरवायचा स्टार नॉब. एक नाही, दोन, एक वरून आणि एक बाजूनं, म्हणजे आतला पाइप कोपऱ्यात दाबला जातो आणि दोन्ही दिशेचा खेळ निघून जातो. बोल्टचं टोक थेट आतल्या पाइपवर टेकवलं तर थोड्याच दिवसांत खड्डे पडतात आणि मग नॉब घट्ट करताना पाइप आपोआप त्या जुन्या खड्ड्यात सरकतो, सेटिंग बिघडतं. म्हणून टोकाखाली पितळेचा छोटा तुकडा ठेवलाय. ही आयडिया पण मामांचीच.

गार्डचा आडवा हात खाली झुकेल का हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. पाइप झुकत नाही हो. ४० चा २ मिमी पाइप ८०० मिमी बाहेर काढून टोकाला चार किलो लावले तरी लोखंड अर्धा मिमीसुद्धा वाकत नाही, गणित करून बघा. झुकतो तो सांधा. आतला पाइप बाहेरच्यात किती आत राहतो त्यावर सगळं आहे, ३०० मिमी आत असेल आणि तिथं १ मिमीचा खेळ असेल तर ८०० मिमीवर टोक अडीच-तीन मिमी खाली येणार. म्हणून आत राहणारा भाग जेवढा जास्त तेवढं बरं, आणि पाइप जाड घेण्यात पैसे घालवू नका, ५० चा पाइप मीटरला तीन किलो आणि ४० चा अडीचच्या आत भरतो, ते वजन शेवटी मशीनच्या कोपऱ्यावरच येणार आहे.

वर-खाली होण्यासाठी शाळेतला समांतरभुज चौकोन कामाला येतो. हाताच्या टोकाला एक उभी पट्टी, पेटीवर एक उभी पट्टी, आणि दोघींना जोडणाऱ्या एकसारख्या लांबीच्या दोन पट्ट्या, एक वर एक खाली. पेटी कितीही वर उचला, टेबलाला समांतरच राहते, नाक वर करत नाही. सांध्यांना एम ८ चे बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) आणि मध्ये नायलॉनचे वॉशर, साधा नट लावला तर मशीनच्या थरथरीनं ढिला होणारच. वरच्या पट्टीचं शेपूट मागं काढून त्याला लेथवरच्या भंगारातला एक लोखंडी गोळा बसवलाय काउंटरवेट म्हणून. पूर्ण बॅलन्स करू नका, पेटी थोडी जड राहू द्या. एकदम हलकी केली की ब्लेड सुरू झालं की नाचायला लागते. माझी आता अशी आहे की सोडली तर हळूच खाली येऊन टेकते, आणि पुढची कड तिरकी कापलेली असल्यामुळं फळी ढकलली की पेटी स्वतःच वर चढून फळीवर बसते. खाच मारायची असेल तर एक नॉब फिरवून हव्या त्या उंचीला लॉक. फळीच्या वर पाचसहा मिमी. बास.

आता पेटीचं मटेरियल, आणि इथं मात्र सांगलीत डोकं फिरलं. पॉलिकार्बोनेट पाहिजे, अ‍ॅक्रिलिक नको. अ‍ॅक्रिलिक दिसायला जास्त चकचकीत, ओरखडे कमी पडतात, नेमप्लेट आणि बोर्डवाल्यांकडं ढिगानं मिळतं, पण त्यावर लाकडाचा तुकडा उडून बसला की त्याचे धारदार तुकडे होतात, म्हणजे गार्डच अंगावर यायचं. पॉलिकार्बोनेट वाकतं, पोचे खातं, फुटत नाही. एका दुकानात "एकच आहे ओ मॅडम ते, नाव वेगळं" म्हणून अ‍ॅक्रिलिकच गळ्यात मारत होते. ओळखायला सोपं आहे, कडेची एक बारीक चिंधी मागा आणि पकडीत धरून वाकवा. अ‍ॅक्रिलिक कट्‌कन तुटतं, पॉलिकार्बोनेट कागदाच्या घडीगत दुमडतं आणि तुटत नाही. दुकानदार वाकवू देत नसेल तर उठा तिथून. शेवटी मला ते शेड-रूफिंगच्या मालवाल्याकडं मिळालं, तिथंही मागताना भरीव शीट म्हणून मागा, नाहीतर आत पोकळ नळ्या असलेली स्कायलाइटची शीट दाखवतात, त्यातून ब्लेड धड दिसत नाही. ४ मिमी घेतलं. पूर्ण पेटीला साधारण पाव चौरस मीटरच्या आत शीट लागते, वजन किलोभर.

पेटी मी घरीच जोडली, मामांचं लोखंडाचं काम तिथवरच होतं. गरम करून वाकवायचा मोह टाळला. पॉलिकार्बोनेट हवेतलं पाणी शोषतं, आधी ओव्हनमध्ये वाळवलं नाही तर गरम करताना आत बुडबुडे येतात, म्हणून कोपऱ्यांना अ‍ॅल्युमिनियमचा अँगल आणि स्क्रू. भोकं स्क्रूपेक्षा जरा मोठी पाडा, उन्हाळ्यात पत्र्याखाली शीट फुगते आणि घट्ट भोकापासून चीर जाते. आणि एक, बोल्ट ढिला होऊ नये म्हणून जे लाल-निळं लॉकिंगचं लिक्विड लावतात ते या शीटजवळ आणू पण नका, थिनर आणि पेट्रोलही नको. काही दिवसांनी स्क्रूभोवती कोळ्याच्या जाळ्यागत बारीक चिरा दिसायला लागतात. पुसायला साबणाचं पाणी आणि जुना सुती कपडा. पुसलं तरी भुसा परत चिकटतोच, घासल्यावर स्टॅटिक तयार होतं त्याला इलाज नाही, पावसाळ्यात जरा कमी चिकटतो.

पेटीला एक सुधारणा मी पुढच्या वेळी करेन. डावी आणि उजवी बाजू वेगवेगळ्या बिजागरीवर पाहिजेत. अरुंद रीप कापताना फेन्स ब्लेडच्या इतकं जवळ येतं की उजवी बाजू फेन्सवर चढते आणि एकसंध पेटी असेल तर डावी बाजू पण उचलली जाते, म्हणजे नेमकी आपल्या हाताच्या बाजूला फट पडते. सध्या मी अशा वेळी गार्डचा आडवा पाइप बाहेर सरकवून पेटी डावीकडं घेते, काम चालतं, आणि लाकूड ढकलायला काठी तर असतेच. दोन वेगळ्या बाजू असत्या तर उजवी फेन्सवर बसली असती आणि डावी खाली टेकून राहिली असती.

आता एक गोष्ट जरा जोरात सांगते. गार्ड लावलं म्हणजे मशीन सेफ झालं असं नाही. ओव्हरहेड गार्ड बोटं वाचवतं, उडणारी चिलपाटं अडवतं, पण किकबॅक थांबवत नाही. ब्लेडच्या मागचे दात वर येत असतात, कापलेल्या लाकडाची फट मिटली किंवा फळी तिरकी झाली की ते दात फळीला उचलून तुमच्याकडं फेकतात. त्यासाठी ब्लेडच्या लगेच मागं रायव्हिंग नाइफ, म्हणजे कापाची फट मिटू न देणारी पातळ पत्र्याची पट्टी, पाहिजे, जी ब्लेडसोबत वर-खाली होते आणि ब्लेडच्या माथ्यापेक्षा किंचित खालीच असते, म्हणून खाच मारताना पण काढावी लागत नाही. लोकल मशीनला बऱ्याचदा ती नसतेच, मग करून घ्या. जाडी ब्लेडच्या चकतीपेक्षा जास्त आणि दातांच्या कापापेक्षा कमी. माझं ब्लेड ३.२ मिमी कापतं, चकती २.२ आहे, तर नाइफ २.५ मिमीच्या पत्र्याची. तीसुद्धा मामांनीच कापून दिली, कडा गुळगुळीत करून. ती आधी, गार्ड नंतर. बजेट एकालाच पुरत असेल तरी हाच क्रम.

आमचे एक पाहुणे आले की हमखास सांगतात की अमेरिकेत बोट लागलं की ब्लेड थांबणारं मशीन मिळतं. मिळतं, सॉस्टॉप म्हणतात त्याला, स्टीव्ह गास नावाच्या माणसानं १९९९ मध्ये काढलं, पाच मिलिसेकंदाच्या आसपास ब्लेड थांबतं, आणि थांबताना ब्रेक आणि बहुतेक वेळा ब्लेड दोन्ही बाद होतं. भारीच आहे. पण त्या मशीनवर सुद्धा गार्ड आणि रायव्हिंग नाइफ देतातच, ते कुणी सांगत नाही.

बरं, कापलेला स्टार. गार्डला वरून धूळ ओढायची सोय केली होती. टेबलाखाली तर भुसा पडतोच, पण ब्लेडचे वरचे दात आपल्याकडं येत असतात, त्यामुळं काठाची पातळ पट्टी कापताना, म्हणजे ब्लेड निम्मंच लाकडात असताना, सगळा भुसा तोंडावर येतो. आणि ही नुसती घाण नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. सागवानाची धूळ तर मला लगेच शिंका आणते. तर पेटीच्या मागच्या बाजूला तोटी काढून त्याला पाइप जोडायचा होता. आपल्याकडं सहज मिळतो तो शेतीच्या मोटरचा हिरवा सक्शन पाइप, अडीच इंची घेतला, स्वस्त आणि आतून गुळगुळीत, नदीकाठच्या कुठल्याही पाइपवाल्याकडं मिळेल. पण तो ताठ असतो. लई ताठ. ज्या दिशेला त्याला वळायचंय त्या दिशेला तो पेटीलाच ढकलतो, काउंटरवेटचा सगळा बॅलन्स गेला. उन्हात टाकून मऊ केला, मध्येच कैचीला दोरीनं टांगला, मग जरा बरा झाला, पण थंडीत परत तेच. व्हॅक्यूम क्लीनरचा लवचीक पाइप लावला तर पेटी मस्त हलते पण त्याच्या बारीक तोंडातून हवा कमी जाते आणि निम्मा भुसा बाहेरच. सध्या पेटीजवळच्या शेवटच्या हातभर भागात लवचीक आणि पुढं हिरवा असं जोडलंय. फरक पडतो, तोंडावर येणारं बरंच कमी झालंय, तरी मास्क काढलेला नाही. कुणी इकडं चार इंची हलका लवचीक होज किरकोळीत विकत असेल तर मला कळवा, मीटरभरच पाहिजे, अख्खा बंडल नको.

खर्चाचं म्हणाल तर लोखंड, वेल्डिंग, नॉब, शीट, बोल्ट आणि रंग धरून सात हजारांच्या आत बसलं, त्यात मामांची मजुरी मोठी. बाहेरची तयार गार्डं शेकड्यांनी डॉलरला असतात, वर कुरिअर आणि ड्यूटी, आणि खांब परत तुमच्या मशीनला जुळेलच असं नाही. वेल्डिंग स्वच्छ, खांब गुण्यात (काटकोनात), रेड ऑक्साइडवर ऑइल पेंट मारून दिला, वर्षात कुठं गंज नाही. खालच्या प्लेटची भोकं त्यांनी लांबट करून दिलीत त्यामुळं ब्लेडच्या रेषेत पेटी आणायला वाव मिळाला, मी सांगितलं नव्हतं तरी.

फक्त वेळ. सांगितलेल्या दिवशी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास, असलं काम घेऊन कुठल्याच फॅब्रिकेशनवाल्याकडं जाऊ नका. दारात ट्रॉल्यांची रांग असते, तुमच्या पाइपला कोण विचारतंय. मे-जूनमध्ये गेलात तर चहा पण मिळेल.